लोकशिक्षणाचा कणा : गावपातळीवरील कार्यकर्ता
(मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानावरून)



आमची हयात केंद्र सरकारच्या चाकरीत गेली. योजनांची कागदपत्रे वाचण्यात उणेपुरे आयुष्य सरले. म्हणूनच आज योजनांचे गुणगान न करता, त्या ज्याच्या पायांनी गावात पोहोचतात त्या कार्यकर्त्याविषयी चार शब्द बोलावेत असे योजिले आहे.

या विषयाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. दिवसा मुलांना शिकविणारे प्राथमिक शिक्षक रात्री प्रौढांचे वर्ग घेऊ लागले. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. मात्र समारंभानंतर जेथे पुस्तक आणि शिक्षक दोन्ही अंतरले, तेथे शिकलेली अक्षरेही विस्मरणात गेली. साक्षरता मिळविण्यापेक्षा ती टिकविणे अवघड, हा त्या मोहिमेचा धडा होय.

त्याच १९५९ सालच्या ४ फेब्रुवारीस राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते आपल्या भिलाईच्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले. भट्टी एकदा पेटली की ती वर्षानुवर्षे अखंड चालवावी लागते. ती थंड झाल्यावर पुन्हा पेटविणे किती जिकिरीचे असते, हे आपणांस आम्ही काय सांगावे! लोकशिक्षणाच्या बाबतीत मात्र ही भट्टी आपण वारंवार विझू दिली.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाचा आरंभ झाला. १५ ते ३५ वयोगटातील १० कोटी निरक्षरांना पाच वर्षांत शिकविण्याचा संकल्प होता. एका केंद्रात सुमारे ३० प्रौढ, आणि त्यांना शिकविणाऱ्यास महिना ५० रुपये! ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता मिशन आले. स्वयंसेवकांच्या बळावर १९९० साली केरळातील एर्नाकुलम जिल्हा साक्षर घोषित झाला व देशभर उत्साहाची लाट आली. ८ सप्टेंबर २००९ रोजी ‘साक्षर भारत’ सुरू झाले. त्यात ग्रामपंचायतीच्या लोकशिक्षण केंद्रात दोन प्रेरक नेमले जात. मानधन महिना २००० रुपये. मार्च २०१८ अखेर ती योजना संपली आणि प्रेरकांचे कामही संपले.

या प्रेरकाचे काम तरी काय होते? घरोघरी फिरून निरक्षरांची यादी करणे. दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईला संध्याकाळी वर्गात आणून बसविणे. सासू आणि नवरा यांची समजूत घालणे. त्यातून आपल्या या भागात प्रवेशिका हिंदीत आणि शिकणारीची बोली छत्तीसगढी. पुस्तकातला शब्द घरातल्या शब्दाशी जोडून देण्याचे काम कोणतेही परिपत्रक करू शकत नाही. ते गावचीच मुलगी करू शकते. घरी मराठी व शाळेत हिंदी अशी कसरत करीत मुले वाढविणाऱ्या आपणां सर्वांस त्याचे मोल निराळे सांगावयास नको.

‘मानधन’ या शब्दात मान आधी येतो आणि धन मागाहून. व्यवहारात धन तुटपुंजे राहिले, आणि योजना संपताच मानही गेला. अंगणवाडीचेच पाहा. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व नंतर कोसबाडला अंगणवाडीची कल्पना रुजविली. १९७५ साली तिला राष्ट्रीय योजनेत स्थान मिळाले. तरीही अंगणवाडी सेविकेला उपदान मिळण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य करण्यास २०२२ साल उजाडले. सेविकेची योजना निदान अखंड चालू राहिली, म्हणून तिला दाद तरी मागता आली. प्रेरकाला ती सोय नाही.

आता २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी ‘उल्लास’ या नावाने ओळखला जाणारा नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. ५ कोटी प्रौढांचे लक्ष्य असून भर विनामूल्य स्वयंसेवेवर आहे. स्वयंसेवेस आमचा विरोध नाही. निवृत्तिवेतन घेणाऱ्या आमच्यासारख्यांनी ती अवश्य करावी. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला सही करावयास, औषधाच्या चिठ्ठीवरील मजकूर वाचावयास शिकविण्यापासून आरंभ करावा. परंतु जिच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे, अशा मुलीकडून स्वयंसेवेच्या नावाखाली नोकरीइतके काम करून घेणे न्यायाचे नव्हे. ज्याला पोट भरलेले असते, त्याच्या त्यागाचे माप उपाशी माणसास लावू नये.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे : योजनेचे नाव बदलो, चिन्ह बदलो, गावातील अनुभवी कार्यकर्ता बदलू नये. त्याच्या कामाची नोंद राहावी, नव्या योजनेत त्याला प्रथम स्थान मिळावे आणि केलेल्या कामाचा मोबदला वेळेवर मिळावा. आपल्या मंडळाने आसपासच्या वस्त्यांतील अशा जुन्या प्रेरकांना शोधून काढावे आणि मंडळाची एक खोली आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांच्या वर्गासाठी मोकळी ठेवावी. ज्या भूमीने आपणांस अन्न दिले, तिचे ऋण फेडण्याचा याहून सरळ मार्ग आम्हांस दिसत नाही.