तिरकी रेघ आणि फाइलचं नाव

विंचूरच्या एखाद्या सातबाऱ्याची फाइल संगणकानं आपोआप जतन करायची, तर तिच्या नावात गाव आणि गट क्रमांक घेणं सोयीचं वाटतं. पण गट 12/1 असला की काम अडतं. विंडोज असो वा लिनक्स, फाइलच्या नावात ती तिरकी रेघ चालत नाही. ती फोल्डर वेगळे दाखवायला राखलेली आहे. मग नको ती चिन्हं गाळून टाका, असा सल्ला मिळतो. तो धोक्याचा आहे. रेघ गेली की 12/1 चं 121 होतं आणि एका शेताची फाइल दुसऱ्याच्या फाइलवर चढते. फक्त अक्षरं आणि आकडे ठेवणारी चाळणी तर आपल्या वेलांट्या, उकार, अनुस्वारही काढून टाकते, कारण युनिकोडमध्ये त्यांची गणना अक्षरांत नाही, जोडचिन्हांत आहे. ‘विंचूर’चं उरतं ‘वचर’.

सगळं रोमन लिपीत लिहा, असं कुणी म्हणेल. पण ‘चू’साठी कुणी यू लिहितो, कुणी दोन ओ; गाव एक, फाइली दोन. त्यापेक्षा फाइलला जनगणनेतला गावाचा संकेतांक आणि नोंदीचा अनुक्रमांक द्यावा; नाव आणि गट क्रमांक डेटाबेसच्या रकान्यात जसेच्या तसे ठेवावेत. नुसत्या आकड्यांवरून फाइल ओळखू येत नाही, हा आक्षेप खरा. पण पडद्यावर नाव त्या रकान्यातूनच दाखवता येतं. प्रणाली बनवणाऱ्यांना विनंती एवढीच, की चाचणी ‘टेस्ट1’वर न थांबवता 12/1 आणि ‘विंचूर’ टाकूनही करा.