साच्यातले मडगार्ड

कोकणपट्टीत ज्याने मोटार बाळगली आहे, त्याला गंज म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. समुद्रावरचे खारे वारे आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्या कचाट्यात सापडलेला पोलादी पत्रा आधी रंगाखाली फुगतो, मग त्यावर फोड येतात, आणि एके दिवशी गाडी धुताना बोट आरपार जाते. माझ्या वडिलांच्या जुन्या जीपच्या डाव्या मडगार्डाची २०१६ सालच्या उन्हाळ्यात हीच गत झाली होती. डेंटरने त्याला दोनदा ठिगळ लावले होते. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "मास्तर, वेल्डिंग धरायला आता पत्राच उरला नाही." जुन्या सुट्या भागांच्या बाजारात जे मडगार्ड मिळाले, ते माझ्या मडगार्डाहून अधिक गंजलेले होते. तेव्हा ते घरीच, आमच्या पडवीत, फायबरचे करावे असे मी ठरवले. त्या खटाटोपात मी जे शिकलो, ते आज आपणांस सांगणार आहे.

आपण ज्याला नुसते 'फायबर' म्हणतो, ती वस्तुतः दोन पदार्थांची जोडी आहे. एक काचेचा तंतू आणि दुसरी राळ, म्हणजे रेझिन. काच ठिसूळ खरी. पण तिचा केसाहून बारीक तंतू ओढला की तो ताणाला विलक्षण टिकतो. राळ एकटी असली तर तडकते. पण ती तंतूंना जागच्या जागी धरून ठेवते. मातीच्या भिंतीत भाताचे काड घालणारा आपला शेतकरी हेच तत्त्व वापरत होता. काचतंतू मोठ्या प्रमाणावर काढण्याची रीत १९३०च्या दशकात अमेरिकेत साधली, आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या रडारवरील आवरणांसाठी काच आणि राळ यांची ही जोडी कामास आली. पुढे १९५३ साली अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीने आपल्या कॉर्व्हेट गाडीचे सारे बाहेरचे अंग फायबरचे केले. त्या पहिल्या वर्षी अशा ३०० गाड्या झाल्या. आपल्याकडे १९८२ साली बंगळुरात निघालेल्या डॉल्फिन या छोट्या मोटारीचे अंगही फायबरचेच होते. पत्रा ठोकून आकार देणारी प्रचंड यंत्रे या कामाला लागत नाहीत. लागतो तो साचा. म्हणूनच हे काम कारखान्याबाहेर, एखाद्या घराच्या पडवीतही होऊ शकते.

या कामाचा क्रम मात्र उलटा आहे. सुतार लाकूड घेतो आणि त्यातून वस्तू घडवतो. फायबरच्या कामात प्रथम वस्तूचा हुबेहूब नमुना हवा. त्या नमुन्यावरून साचा काढायचा. आणि साच्यातून वस्तू काढायची. साच्यात जो थर सर्वांत आधी लागतो, तोच शेवटी जगाला दिसणारा वरचा पृष्ठभाग होतो. आपण बाहेरून आत काम करत जातो. चूक झाली तर ती पहिल्याच थरात होते, आणि कळते मात्र सगळे संपल्यावर.

माझा पहिला विचार अगदी भाबडा होता. जीपचे उजवे मडगार्ड शाबूत होते. त्यावरून साचा घ्यावा आणि डावे मडगार्ड पाडावे असे मला वाटले. पायांतल्या जोड्याचे उदाहरण डोळ्यांसमोर असते, तर ही चूक झाली नसती. उजव्याच्या साच्यातून उजवेच निघते. कितीही फिरवले तरी ते डावे होत नाही. तेव्हा त्या गंजलेल्या, मोडीत काढलेल्या डाव्या मडगार्डालाच नमुना करणे भाग होते. येथे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. नमुन्याला बळ लागत नाही. त्याला केवळ रूप लागते. ज्या पत्र्यावर आता एक बोल्टसुद्धा आवळता येत नव्हता, तो आठ दिवस आपला आकार धरून राहिला की पुरे होते. भोकांना मागून पुठ्ठा लावला, वर लांबी भरली, उजव्या मडगार्डाची मापे उलटी घेऊन कडा जुळवल्या, आणि पाणी-पेपराने घासायला बसलो. आधी १२० नंबरचा, मग २२०, ४००, ८०० आणि शेवटी १०००. चार दिवस घासण्यातच गेले. घरच्या मंडळींना वाटले, मास्तर गंजक्या पत्र्याला उगाच पॉलिश करीत बसले आहेत. पण नमुन्यावर राहिलेला ओरखडा साच्यावर उमटतो, आणि साच्यावरचा ओरखडा त्यातून निघणाऱ्या प्रत्येक वस्तूवर उमटतो.

नमुना तयार झाला तेव्हा आमच्या आळीतले एक मूर्तिकार सहज पडवीत आले. गणपतीच्या मूर्ती साच्यातून काढण्यात त्यांचे आयुष्य गेलेले. त्यांनी मडगार्डाच्या कडेखालून बोट फिरवले आणि विचारले, "मास्तर, हे घालणार ते ठीक, पण बाहेर कसे काढणार?" मडगार्डाची बाहेरची कड खाली वळून पुन्हा आत दुमडलेली होती. एकसंध साचा घेतला असता, तर तो त्या दुमडीखाली कुलूप लागल्यासारखा अडकला असता. मूर्तीचे हात पुष्कळदा वेगळ्या साच्यातून काढून मग का जोडतात, हे त्यांनी मला समजावून दिले. साच्याची प्रत्येक बाजू किंचित बाहेरच्या अंगाला कललेली हवी. आणि जेथे ते शक्य नसेल, तेथे साच्याचे तुकडे करावे. फायबरच्या साच्यालाही हाच नियम. मी दुमडीच्या रेषेवर प्लायवुडची दोन इंच रुंदीची पट्टी तात्पुरती उभी केली, एका बाजूचा साचा घेतला, पट्टी काढली, त्या कडेला मेण लावले, आणि दुसरी बाजू तिला चिकटून घेतली. दोन्ही कडांतून बोल्टांची भोके साचा सुटण्यापूर्वीच पाडून ठेवली, म्हणजे दोन तुकडे पुन्हा नेमके त्याच जागी जुळतात.

साचा नमुन्याला चिकटू नये म्हणून आधी मेणाचे पाच-सहा हात द्यावे लागतात, आणि प्रत्येक हात वाळवून चकचकीत पुसावा लागतो. त्यावर पीव्हीए नावाच्या द्रवाचा पातळ पडदा देतात. तो वाळून प्लास्टिकच्या पापुद्र्यासारखा होतो आणि पाण्यात विरघळतो. मग जेलकोटचा अर्धा मिलिमीटर जाडीचा थर. तो बोटाला चिकट लागावा, पण बोटावर येऊ नये, अशा बेताला आला की त्यावर काचेची मॅट ठेवून ब्रशाने राळ जिरवायची आणि लोखंडी रोलरने हवा काढायची. मॅटखाली राहिलेला हवेचा बुडबुडा पुढे उन्हात फुगतो आणि जेलकोट फोडून बाहेर येतो.

येथे थोडे थांबून एक इशारा देतो, कारण हे काम घरात करणाऱ्याच्या जिवाशी त्याचा संबंध आहे. राळ घट्ट होण्यासाठी तिच्यात कोबाल्टचे द्रावण आणि हार्डनर अशी दोन द्रव्ये घालतात. ही दोन एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत; मिसळल्यास स्फोट होतो. कोबाल्ट आधी राळेत पूर्ण ढवळावे आणि मगच, काम सुरू करतेवेळी, किलोमागे १० ते २० ग्रॅम हार्डनर घालावे. मापाची भांडीही वेगळी ठेवावी. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तरी दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच. राळेची वाफ डोके जड करते आणि ती पेटही घेते; घासताना उडणारी काचेची धूळ कातडीला आणि फुप्फुसांना बाधते. चूल, विडी आणि लहान मुले यांना त्या पडवीत जागा नाही.

एवढी काळजी घेऊनही माझा पहिला साचा फुकट गेला, आणि त्याचे कारण माझा उतावीळपणा. मृग जवळ आला होता. पाऊस लागण्याआधी काम उरकावे म्हणून साच्याचे सारे थर मी एकाच दिवशी चढवले. राळ घट्ट होताना उष्णता सोडते आणि आकसते. पातळ थरातली उष्णता हवेत निघून जाते; जाड थरातली आतच कोंडते. संध्याकाळी साच्यावर हात ठेववेना. दुसऱ्या दिवशी तो सुटला खरा, पण असा पिळला होता की सपाटीवर ठेवल्यास एक कोपरा बोटभर उचललेला दिसे. त्यातून निघालेले मडगार्ड जीपला कधीच बसले नसते. मूर्तिकारांना दाखवले, तेव्हा त्यांनी मला दोष दिला नाही. ते इतकेच म्हणाले, "मूर्ती घाईत करता येते, मास्तर. साचा नाही."

दुसरा साचा मी पावसाळा संपल्यावर केला. रोज दोनच थर दिले. शेवटी पाठीवर लाकडी पट्ट्यांचा आधार राळेने जखडला आणि साचा आठ दिवस नमुन्यावरून हलवला नाही. वस्तूच्या किमान दुप्पट जाडीचा साचा असावा, हा या धंद्यातला दंडक आहे. तो मी पाळला. नवव्या दिवशी कडेने पाचरी सारल्या, फटीत पाणी ओतले, आणि साचा चर्र असा आवाज करून सुटला. आतून तो आरशासारखा होता. त्यातून मडगार्ड काढायला दोनच दिवस लागले: जेलकोट आणि त्यामागे चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटचे तीन थर, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर जाडी. जेथे बोल्ट येतात तेथे दोन थर अधिक आणि आत लोखंडी पट्टी. एका मडगार्डाला दोन दिवस आणि त्याच्या साच्याला चार महिने, असा हा हिशेब पडला.

या वस्तूचे गुण आणि मर्यादा दोन्ही सांगितल्या पाहिजेत. एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा चौरस मीटरला जवळजवळ ८ किलो भरतो. तीन मिलिमीटरचे फायबर साडेचार किलोच्या आसपास. ते गंजत नाही. पण पत्रा आघाताने चेपतो आणि चेपताना आघात गिळतो. फायबर वाकत नाही, ते फुटते. म्हणून मडगार्ड किंवा बॉनेट यांसाठी ते योग्य. परंतु बंपरचा मुख्य तुळईसारखा भाग, आसने जखडण्याची जागा किंवा चासीचा कोणताही अवयव घरच्या फायबरचा करणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ होय. कायद्याचीही सीमा आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितले. गेलेला भाग त्याच रूपात परत आणणे निराळे आणि गाडीचे रूपच पालटणे निराळे.

मडगार्ड जीपवर चढले, तेव्हा गावातल्या एका गॅरेजवाल्याने साचा मागितला. त्याला अशी मडगार्डे काढून विकायची होती. त्या वेळी मला ब्रूस मायर्स या अमेरिकन गृहस्थांची कथा आठवली. कॅलिफोर्नियात फायबरच्या होड्या बांधणाऱ्या या माणसाने १९६४ साली, फोक्सवॅगन बीटलच्या यंत्रावर बसणारी, वाळूत धावणारी फायबरची छोटी गाडी आपल्या गॅरेजात तयार केली. मायर्स मँक्स हे तिचे नाव. १९६७ साली मेक्सिकोतल्या वाळवंटी शर्यतीत अशा गाडीने विजय मिळवला, आणि मागणीचा पूर लोटला. त्याबरोबर नक्कलही आली. मायर्स यांची एक गाडी विकत घ्यावी, तिलाच नमुना करून मेण लावावे, साचा काढावा आणि आपल्या नावाने विकावे, इतके ते सोपे होते. मायर्स न्यायालयात गेले, पण त्यांचे पेटंट तेथे टिकले नाही. २०२१ साली ते वारले, तोवर त्यांच्या गाडीच्या नकला जगभर पसरल्या होत्या. ज्याने वर्षानुवर्षे आकार घडवला त्याचे कष्ट, आणि ज्याने आठवड्यात त्याचा ठसा घेतला त्याचा नफा, यांचा मेळ साच्याला घालता येत नाही. तो माणसाच्या मनालाच घालावा लागतो.

माझ्या मडगार्डाचा आकार तरी कुठे माझा होता? तो जीप घडवणाऱ्या अभियंत्यांचा. मी केवळ गंजाच्या तोंडून तो सोडवून घेतला होता. म्हणून मी गॅरेजवाल्याला विक्रीसाठी साचा दिला नाही. पण ज्याच्या जीपचे मडगार्ड गेले असेल, त्याने पडवीत यावे, मॅट आणि राळ आणावी आणि आपल्या हाताने काढून न्यावे, असे सांगून ठेवले. आजवर पाच जण आले. मी प्रत्येकाला मेण कसे लावायचे हे दाखवतो, कोबाल्टची बाटली हार्डनरपासून दूर ठेवतो, आणि घाई करू देत नाही. तो गंजका नमुना केव्हाच भंगारात गेला. साचा मात्र पडवीत भिंतीला टेकून उभा आहे. दर पावसाळ्याआधी मी त्याला मेणाचा एक हात देतो.