हौस, नाद आणि चाड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



चिटणीसबाई बोलावणे घेऊन आल्या तेव्हा विषयही ठरवूनच आल्या होत्या. "मुलींना एम.बी.ए.ला जायचं असतं. अर्जात नि मुलाखतीत विचारतात, तुमची पॅशन काय, करिअरची ध्येयं कोणती? घरात कुणालाच उत्तर सुचत नाही. तेवढं सांगा," असे त्या म्हणाल्या. मी तीस वर्षे महाविद्यालयात वाणिज्य शिकविले, तेव्हा मला हे येतच असणार, असा त्यांचा समज. तो मी तिथल्या तिथे दूर केला नाही. का, ते पुढे येईलच.

ज्यांच्या घरात अजून हा प्रसंग आलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडे. अहमदाबाद, कलकत्ता, बंगलोर येथील व्यवस्थापन संस्थांसाठी नोव्हेंबरच्या शेवटी 'कॅट' नावाची परीक्षा होते. 2024 साली तिला सुमारे 2 लाख 93 हजार मुले-मुली बसली. ती दोन तासांची. इंग्रजी, तर्क आणि गणित. तिच्यात चांगले गुण पडले की नवीन वर्षात मुलाखतीचे बोलावणे येते. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेसारख्या ठिकाणी राज्याची सीईटी लागते. परदेशी बिझनेस स्कुले, आणि आपल्याकडची हैदराबादची, ही निबंध लिहून मागतात, ओळखणाऱ्यांची शिफारसपत्रे मागतात. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डचा एक प्रश्न तर प्रसिद्धच आहे: तुम्हांला सर्वांत महत्त्वाचे काय वाटते, आणि ते का? आपल्यापैकी कितीजणींना हा प्रश्न आजवर कुणी विचारला आहे? मला तरी कुणी विचारला नव्हता.

गणिताची तयारी करून घ्यायला शिकवणीवर्ग पुष्कळ आहेत. अडते ते या प्रश्नाशी.

अडण्याचे पहिले कारण तो 'पॅशन' शब्दच. मराठीत त्याला एक शब्द नाही असे म्हणतात. मला वाटते, फार आहेत म्हणून घोटाळा होतो. हौस आहे, तिच्यावर आपण पैसे खर्च करतो आणि ती फिटते. छंद आहे, तो फावल्या वेळचा. नाद असतो, तो बहुधा घरच्यांना न आवडणारा. ध्यास हा चरित्रांतल्या मोठ्या माणसांना लागतो, आणि वीस-बावीस वर्षांच्या मुलीने तो अर्जात लिहिला की वाचणाऱ्याला हसू येते. मुली बिचाऱ्या ह्या साऱ्यांची मिसळ करतात: मला मार्केटिंगचा ध्यास आहे, वाचनाचा छंद आहे, प्रवासाची हौस आहे. समोर बसलेल्या प्राध्यापकांनी त्या दिवशी सकाळपासून हेच दहा वेळा ऐकलेले असते.

ते शोधत असतात त्याला आपल्याकडे एक जुना शब्द आहे: चाड. आपण तो नेहमी नकारातच वापरतो, "त्याला कशाची म्हणून चाड नाही." पण तो सरळ वापरून पाहा. कोणती गोष्ट बिघडलेली दिसली की तुम्हांला स्वस्थ बसवत नाही? कुणी सांगितले नसताना, कुणी पैसे देत नसताना, तुम्ही कशाशी पुन:पुन्हा खटपट करीत बसता? ती तुमची चाड. तिचे उत्तर मनात डोकावून सापडत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत आपले रिकामे तास कुठे गेले ते पाहिले म्हणजे सापडते.

हे मला आधीपासून ठाऊक होते असे समजू नका. चार वर्षांपूर्वी माझ्या बहिणीची मुलगी अशाच एका संस्थेसाठी तयारी करीत होती. तिला मुलाखतीपूर्वी उद्दिष्टांविषयी एक पान लिहून द्यावयाचे होते. तिने लिहिले ते मला अगदीच साधे वाटले. एका रुग्णालयात बिले करण्याच्या खिडकीवर ती दोन वर्षे काम करीत होती, त्याचेच काही लिहिले होते. मी म्हटले, "अगं, हे काय? हे कुणी वाचेल का?" आणि मी बसून ते पान नव्याने लिहून दिले. त्यात आर्थिक समावेशन आले, ग्रामीण भारत आला, नेतृत्व आले. माझे इंग्रजी बरे आहे, हे तुम्ही जाणताच. मला ते पान फार आवडले.

मुलाखतीत तिला पहिलाच प्रश्न आला: "ग्रामीण भारतात तुम्ही किती दिवस राहिला आहात?" भाचीचा जन्म ठाण्याचा. आजोळी मे महिन्यात आठ दिवस, एवढाच तिचा ग्रामीण भारत. दुसरा प्रश्न आला की बचतगटाला कर्ज कोणत्या व्याजाने मिळते. तिसरा मला आठवत नाही, तिलाही आठवत नव्हता. ती घरी आली आणि एवढेच म्हणाली, "मावशी, त्यांना तुझ्याशी बोलायचं होतं. मी मध्ये आले."

त्या संस्थेचा ह्यात काही दोष नाही. सारा दोष माझा होता. आता तर मुलींच्या हाताशी असे निबंध क्षणात लिहून देणारी यंत्रेही आली आहेत, म्हणजे मावशीचीही गरज उरली नाही. पण मावशीने लिहिले काय नि यंत्राने लिहिले काय, दारात मुलगी अडकते ती तशीच.

आता दुसरी गोष्ट सांगते, आणि ती आपल्या मंडळातलीच आहे. मुलगी इथे बसली आहे. नाव घेऊ नका म्हणाली, म्हणून घेत नाही. दरवर्षी आपण दिवाळीचा फराळ करून विकतो. तीन वर्षांमागे हिशोबाची वही तिच्याकडे आली. तिच्या ध्यानात आले की आपण जिन्नस नि गॅस धरतो, हात धरीत नाही. चकली आणि अनारसे यांचा किलोचा भाव आपण जवळजवळ सारखाच लावीत होतो! अनारशाला तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सुकवायचे, कुटायचे, गूळ घालून मुरवायचे, आणि इतके करून तुपात सोडल्यावर ते हसले की गेले. हसलेले अनारसे आपण आपसांत खाऊन टाकीत होतो. ते वहीत कधी आलेच नाहीत. उलट चकली धनत्रयोदशीच्या आधी संपत होती आणि गिऱ्हाइके परत जात होती. तिने सुचविले की अनारसे नगावर आणि आगाऊ मागणी असेल तेवढेच करावेत, आणि त्या दोन दिवसांचे हात चकलीकडे लावावेत. आपल्यापैकी किती जणी तिच्यावर रागावल्या ते सांगत नाही. "दिवाळीला अनारसे मोजून म्हणजे काय!" मीही त्यांत होते.

ह्या मुलीने अर्जात हेच लिहिले. 'पॅशन' हा शब्दसुद्धा लिहिला नाही. मुलाखतीत वीस मिनिटे झाली, त्यांतली पंधरा फराळावर. एकाने विचारले, "मग ह्याला एम.बी.ए. कशाला? वही पुरे आहे." हा प्रश्न घरी प्रत्येकीने स्वत:ला विचारून जावा, कारण सारे त्यात आहे. दोन वर्षे आणि एवढा खर्च नसेल तर तुमचे नेमके काय अडणार आहे? तिने सांगितले, "वही गेल्या वर्षी काय झालं ते सांगते. पुढच्या वर्षी किती लागेल ते सांगत नाही. चाळीस किलोला अंदाज चालतो, चार हजार किलोला चालणार नाही." दुसऱ्या बाईंनी विचारले की लिज्जतने हे 1959 सालीच करून दाखविले, तुम्ही निराळे काय करणार? गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापडाचा उद्योग सुरू केला, हे तिला ठाऊक होते. ती म्हणाली, "पापड महिनोन् महिने टिकतो. चकली तीन-चार आठवड्यांत खवट होते. माझं अडतं ते तिथेच, आणि उत्तर अजून माझ्याकडे नाही." दोन ठिकाणी बोलावणे होते, एका ठिकाणी ती घेतली गेली, एका ठिकाणी नाही. नाही म्हणणाऱ्यांनी कारण दिले नाही. ते देतही नसतात.

आता ध्येयांकडे येते. ती दोन मागतात, जवळचे आणि लांबचे. लांबचे थोडे धूसर असले तरी चालते. जवळचे मात्र पक्के हवे: पदवी हातात पडल्यावर पहिली नोकरी कसली? ती नोकरी खरोखर अस्तित्वात असावी, आणि तिच्यासाठी माणसे घेणाऱ्या कंपन्या त्या संस्थेत येत असाव्यात. 'मोठी उद्योजिका होऊन समाजाची सेवा करीन' ह्या वाक्यात पहिल्या पगारापासून समाजसेवेपर्यंत एकही पायरी नाही. आपल्या ह्या मुलीने लिहिले होते, आधी खाद्यपदार्थांच्या कंपनीत मागणीचा अंदाज आणि पुरवठा पाहणारे काम. दहा-बारा वर्षांनी घरगुती फराळ करणाऱ्या गटांना एकत्र खरेदी-विक्री करून देणारी संस्था. हे चुकीचे ठरेल कदाचित. पण इथून तिथे जाणारा रस्ता दिसतो.

ध्येय ठरले की संस्था आपोआप थोड्या होतात, हा मोठा फायदा. यादीतल्या पहिल्या पाच नावांना अर्ज करणे म्हणजे दुकानात जाऊन 'सगळ्यांत महाग लुगडे दाखवा' म्हणण्यासारखे आहे. जिला सहकार आणि शेतमालाच्या व्यवहारात काम करावयाचे आहे तिने आणंदची ग्रामीण व्यवस्थापन संस्था पाहावी. ती वर्गीस कुरियन यांनी 1979 साली काढली. 2025 च्या कायद्याने ती त्रिभुवन सहकारी विद्यापीठात गेली.

कुरियन यांचे नाव निघाले म्हणून सांगते, कारण पुष्कळ आया मला विचारतात, "आमच्या मुलीला कशाचीच एवढी चाड नसली तर?" कुरियन 1949 साली आणंदला आले ते नाखुषीने. सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकले होते, त्या बंधनापोटी त्यांना तिथे धाडले होते. दुधाची आवड त्यांना नव्हती. तिकडे मन त्यांनी यंत्र आणि धातूंच्या शास्त्रात घातले होते. बंधन सुटल्यावर ते निघायच्या तयारीत होते. शेजारच्या खेडा संघाची यंत्रे वारंवार मोडत, ती ते दुरुस्त करून देत, आणि संघाचे त्रिभुवनदास पटेल त्यांना थांबा म्हणाले. पुढचा इतिहास आपल्या सकाळच्या चहात आहे. तेव्हा एखादीला अजून काही सापडले नसेल तर तिने एक वर्ष कुठे तरी नीट काम करावे आणि मग अर्ज करावा. त्या वर्षाला आपण 'फुकट गेलेले' म्हणू नये. बाळंतपणात किंवा सासूबाईंच्या आजारपणात गेलेल्या वर्षांचेही तेच. ती लपवायची नसतात. साल लिहून एका वाक्यात सांगून टाकावीत.

पैशाचे बोलणे मंडळात बरे दिसत नाही, तरी बोलते. मोठ्या संस्थांची दोन वर्षांची फी आता वीस लाखांच्या वर आहे. बहुतेक घरांत ते कर्जच असते, आणि हप्ता मुलीच्या पहिल्या पगारातून जायचा असतो. मुलीचे ध्येय कमी पगाराचे असेल तर ते खोटे ठरत नाही, पण हप्त्याचे काय, ह्याचेही उत्तर तिनेच आधी काढावे. आईवडिलांनी तिच्यासमोर आकडे मांडावेत, ध्येय मांडू नये. काही घरांत मुलाच्या फीला कर्ज काढतात आणि मुलीच्या फीला 'लग्नाचं पण बघायचं आहे' म्हणतात. हार्वर्डच्या बिझनेस स्कुलात 1908 पासून एम.बी.ए. शिकवितात, पण दोन वर्षांच्या त्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला मुली थेट येऊ लागल्या 1963 साली, आणि त्याही आठ. पंचावन्न वर्षे त्यांनी दार लावून ठेवले होते. आपल्या घरांत ते किती वर्षे लावलेले आहे, हे ज्याचे त्याला माहीत.

माझ्या भाचीने पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला. ह्या खेपेस तिने पान स्वत:च लिहिले. बहिणीने सांगितले ते एवढेच, की रुग्णालयाच्या त्या खिडकीवर विम्याचे कागद अपुरे म्हणून माणसे घरी जायची खोळंबत. त्यांच्यासाठी दाखल होतानाच वाचायला देता येईल असा एक कागद तिने मराठीत करून ठेवला होता आणि त्याविषयीच लिहिले होते. मी जे खोडले होते ते हेच. मुलाखतीत तिला त्या कागदावर काय काय होते ते सांगायला लावले आणि तिला घेतले. मी तिला म्हटले, "ते पान मला वाचायला दे ना." ती हसली आणि म्हणाली, "मावशी, तू दुरुस्त करशील." अजून तिने ते मला दाखविलेले नाही.