अंथरूण पाहून पाय पसरले

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिव मला म्हणाले, "काका, तुम्ही बँकेत ३६ वर्षं काढलीत, गुंतवणुकीवर चार शब्द बोला." मी म्हटलं, गुंतवणुकीवर सगळेच बोलतात, मी आज खर्चावर बोलतो. कारण गेल्या सप्टेंबरपासून लिफ्टमध्ये, गेटवर, भाजीच्या गाडीपाशी मला एकच प्रश्न विचारला जातोय, "काय हो, बिझनेस क्लासने गेलात म्हणे! किती पडले?" तेव्हा एकदाच सगळ्यांसमोर हिशेब मांडलेला बरा. ऑडिट झालं की विषय संपतो.

आधी हा बिझनेस क्लास म्हणजे काय ते सांगतो. पूर्वी विमानात दोनच वर्ग असायचे, फर्स्ट आणि इकॉनॉमी. १९७० च्या दशकात सवलतीची तिकिटं निघाली आणि पर्यटकांची गर्दी वाढली. कामासाठी फिरणारे लोक आयत्या वेळी पूर्ण भाडं भरून तिकीट काढायचे, पण बसायचे मात्र निम्म्या भाड्यात आलेल्या माणसाच्या शेजारी. त्यांची कुरकुर सुरू झाली. मग त्या दशकाच्या अखेरीस विमान कंपन्यांनी त्यांच्यासाठी मधला वर्ग काढला, तो बिझनेस क्लास. तेव्हा नुसती जरा रुंद खुर्ची होती. तिचा पूर्ण सपाट पलंग व्हायला २००० साल उजाडलं. ब्रिटिश एअरवेजने तो पहिल्यांदा बिझनेसमध्ये आणला आणि मग इतरांनाही आणावा लागला. म्हणजे हा पलंग साधारण आपल्या सोसायटीच्याच वयाचा आहे.

आता आमच्याबद्दल. आमचं लग्न मे १९७५ मधलं. लग्नानंतर एसटीने महाबळेश्वरला गेलो, तोच आमचा पहिला प्रवास. पुढे एलएफसीवर मुलांना घेऊन कन्याकुमारी, काश्मीर, पुरी सगळं पाहिलं, ते थ्री टियर स्लीपरने. सोबत पुरी-भाजीचा डबा, पाण्याचा कूजा आणि साखळीने बांधलेली ट्रंक. मजा यायची, आणि ती काटकसर योग्यच होती. त्यातूनच मुलांची शिक्षणं झाली आणि या सोसायटीतला फ्लॅट झाला.

लग्नाला ५० वर्षं होणार म्हटल्यावर मुलांनी स्वित्झर्लंडची सहल ठरवली. आमच्या सौ.ना बर्फातून जाणारी रेल्वे बघायची फार हौस. पण त्यांचे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. लिफ्ट बंद पडते तेव्हा त्या खालीच बसून राहतात. मुंबई ते झुरिक थेट विमान झालं तरी नऊ-साडेनऊ तास, आणि तेही मध्यरात्रीनंतर निघणारं. एवढा वेळ पाय खाली सोडून बसायचं म्हटल्यावर ती म्हणाली, "अहो, तुम्ही मुलांबरोबर जाऊन या. मी फोटो बघीन."

हे वाक्य मला मंजूर नव्हतं. सुवर्णमहोत्सव दोघांचा, तो एकट्याने कसा साजरा करायचा? मुलगा म्हणाला, "बाबा, आईला आडवं होता आलं तर ती येईल. बिझनेसचं तिकीट काढू." भाडं पाहिलं तर इकॉनॉमीच्या तिप्पट. शिवाय जीएसटी. इकॉनॉमीच्या तिकिटावर ५ टक्के आणि वरच्या वर्गावर तेव्हा १२ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला आहे, पुढे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

सौ.नी आकडा ऐकला आणि म्हणाल्या, "एका रात्रीच्या झोपेचे एवढे पैसे? एवढ्यात सगळ्या खिडक्या बदलून होतील." आठवडाभर घरात हाच विषय. शेवटी तोडगा तिनेच काढला. म्हणाली, "येताना दिवसाचं विमान आहे ना? मग येताना साध्या वर्गातून येऊ. मी दर तासाला उठून चालेन. जाताना तेवढं झोपून जाऊ." एकाच तिकिटावर जाताना बिझनेस आणि येताना इकॉनॉमी असं घेता येतं. तसंच घेतलं. मुलं पैसे देत होती, पण तो फरक मी माझ्या खात्यातून भरला. बायकोची झोप मुलांच्या खर्चाने कशाला?

आता प्रत्यक्ष प्रवास. विमानतळावर वेगळी रांग, बसायला लाउंज, तिथे खाणंपिणं. हे सगळं ठीक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. मला सांगायचं आहे ते विमानातलं. सौ. बसल्या न बसल्या तोच हवाई सुंदरी आली, वाकून नमस्कार केला आणि आडनावाने हाक मारून विचारलं, "मिसेस अमुक, आधी काय घेणार? जेवण कधी आणू?" मंडळी, ५० वर्षं घरातल्या सगळ्यांना वाढून मग स्वतः ताट घेणारी ही बाई. पाहुणे असले तर भाजी उरली का ते पाहून बसणारी. तिला पहिलं ताट, तेही तिच्या सवडीने! ती गोंधळली आणि त्या मुलीलाच म्हणाली, "बेटा, तुमने खाना खाया?" मुलगी हसली, म्हणाली, "आँटी, पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं." उतरेपर्यंत त्या दोघींची चांगली गट्टी जमली होती.

जेवणाबद्दल एक उपयुक्त सूचना. जेवणाचा प्रकार आधीच नोंदवावा लागतो. तिथे 'हिंदू मील' असं दिसतं म्हणून शाकाहारी मंडळी तेच निवडतात. त्यात मांसाहार असू शकतो! आपल्या पद्धतीचं शाकाहारी हवं असेल तर 'एशियन व्हेजिटेरियन' लिहा. आणि आमटी अळणी लागली तर स्वयंपाक्याला दोष देऊ नका. विमानातली हवा फार कोरडी असते, दाबही कमी असतो, त्यामुळे मीठ आणि गोड दोन्ही जिभेला कमी लागतं. साधारण ६ ते ८ हजार फुटांवर असावी तशी हवा आत असते. आपलं महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे, यावरून अंदाज करा.

जेवण झाल्यावर बटण दाबलं आणि खुर्ची हळूहळू सपाट झाली. वर गादी, उशी, पांघरूण. सौ.नी पाय लांब केले आणि म्हणाल्या, "अहो, पाय पूर्ण सरळ झाले हो." दहा मिनिटांत झोपल्या, ते पाच तास. सकाळी झुरिकला उतरल्या तेव्हा पायात नेहमीची चप्पल सहज गेली. येताना इकॉनॉमीत दर तासाला उठून चालल्या, पाणी प्यायल्या, तरी मुंबईला चपलेचा पट्टा सैल करावा लागला. आमच्या पैशांचा हिशेब त्या पट्ट्यात आहे.

ही नुसती चैनीची बाब नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये एका अभ्यासाचे निष्कर्ष दिले होते. चार तास किंवा जास्त वेळ न हलता बसून प्रवास केला तर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. घाबरू नका, तरीही तो सुमारे ६ हजारांत एक इतकाच आहे. आणि तो विमानात जसा तसाच बस, रेल्वे, मोटारीतही. म्हणून वर्ग कुठलाही असो, पोटऱ्या हलवत राहा, अधूनमधून उठा, पाणी प्या. ज्यांना शिरांचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावं. आणखी एक, व्हीलचेअरची सोय इकॉनॉमीच्या प्रवाशालाही मिळते. ४८ तास आधी कळवा आणि मागायला लाजू नका.

सहलीचं वर्णन आज करत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. एवढंच सांगतो, तिसऱ्या दिवशी आम्ही युंगफ्राउयोखला गेलो. ३,४५४ मीटरवर असलेलं हे युरोपातलं सर्वांत उंच रेल्वे स्टेशन, १९१२ पासून चालू आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्या दुपटीहून उंच. डोंगर पोखरून गाडी वर जाते. सौ. खिडकीशी बसल्या होत्या. वर बर्फ हातात घेऊन म्हणाल्या, "फोटोत हे गार लागलं नसतं."

आता माझ्यातला बँकवाला बोलतो. असा खर्च कधी करावा? माझे चार नियम आहेत. एक, यासाठी कर्ज काढायचं नाही, क्रेडिट कार्डाचे हप्तेही नाहीत. दोन, आरोग्य विमा चालू हवा आणि वर्षभराच्या खर्चाची रक्कम बाजूला हवी, ती मोडायची नाही. तीन, खात्यांवर, ठेवींवर आणि सोसायटीतल्या फ्लॅटवर नॉमिनेशन झालेलं हवं, मृत्युपत्रही. ज्यांचं नॉमिनेशन राहिलंय त्यांनी उद्याच ऑफिसात फॉर्म भरा, सचिव इथेच बसलेत. चार, पूर्ण प्रवास वरच्या वर्गाने करायची गरज नाही, रात्रीचा टप्पा पुरतो. कार्डाचे पॉइंट्स असतील तर वापरा. काही कंपन्या प्रवासाच्या आधी बोली लावून वरचा वर्ग देतात, तेही पाहा. हे चारही जमत असेल आणि तरीही मन "नको" म्हणत असेल, तर ती काटकसर नाही, नुसती सवय आहे.

माझा एक सहकारी होता. निवृत्तीच्या महिन्यात त्याने दोघांचे पासपोर्ट काढले. "जरा व्याजदर सुधारू दे, मग जाऊ" म्हणायचा. त्याच्यानंतर वहिनींनी कपाट आवरताना तो पासपोर्ट मला दाखवला. कोरा करकरीत. एकही शिक्का नाही. ठेवी मात्र सगळ्या व्यवस्थित होत्या, मीच त्या वहिनींच्या नावावर करून दिल्या.

आपल्या आई-वडिलांनी शिकवलं, अंथरूण पाहून पाय पसरावेत. आपण ते आयुष्यभर पाळलं, पाय पोटाशी घेऊन झोपलो, आणि म्हणूनच अंथरूण वाढत गेलं. पण त्या म्हणीत 'पसरावेत' हा शब्दही आहे. अंथरूण पुरेसं लांब झालं असेल तर पाय पसरायला म्हणीची परवानगी आहे. मुदत ठेवीची मुदत कधी ना कधी पूर्ण होते, तशीच. गुडघे मात्र नूतनीकरण करून मिळत नाहीत. ऑपरेशनवाले डॉक्टर माझ्याशी सहमत होणार नाहीत, पण बसा.

विमानच पाहिजे असं नाही. कुणाला काशी असेल, कुणाला माहेरच्या गावची जत्रा, कुणाला एसीतून कोकण. ज्या भगिनी "मी फोटो बघीन" म्हणतात, त्यांच्या घरच्यांनी एवढंच करावं, दुसरं तिकीट काढून मगच विचारावं.

२५ वर्षांपूर्वी टँकरच्या पाण्यावर सुरू झालेली आपली सोसायटी आज रौप्यमहोत्सव करते आहे. सुवर्णमहोत्सवाला मी असेन नसेन, पण तुमचे गुडघे तेव्हाही चालते असोत, हीच शुभेच्छा. तिकिटाचा नेमका आकडा ज्यांना हवाच आहे त्यांनी घरी चहाला यावं. सौ. सांगतील, त्यांना तो पैशांसकट पाठ आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र!