हुकुमाची मुदत



जीवरसायनशास्त्राच्या अभ्यासकांनी कोयनानगरात एकत्र यावे आणि त्या परिषदेचे अध्यक्षपद मजकडे सोपवावे, याबद्दल मी आपला ऋणी आहे. येथे येणारा प्रवासी धरणाच्या भिंतीने दिपून जातो. परंतु शिवाजीसागर या जलाशयाचे सामर्थ्य, त्याचे पाणी पोफळीच्या वीजगृहाच्या बाजूस किती सोडावयाचे आणि केव्हा थांबवावयाचे या नियमनात साठविलेले आहे, हे येथील अभियंते जाणतात. पेशीच्या पटलाकडेही शास्त्राने दीर्घकाळ निव्वळ भिंत म्हणूनच पाहिले, आणि त्या पटलातील फॉस्फोलिपिडांकडे भिंतीचा चुना-दगड म्हणून.

१९५३ साली मेबल आणि लोवेल होकिन या दांपत्याने कबुतराच्या स्वादुपिंडाच्या कापांना ॲसिटिलकोलिन दिले, तेव्हा किरणोत्सर्गी स्फुरद फॉस्फोलिपिडांत अधिक वेगाने सामावला जाऊ लागल्याचे त्यांना दिसले. या निरीक्षणाचा अर्थ उलगडण्यास तीस वर्षे लागली. बाहेरून संप्रेरक अथवा वृद्धिकारक घटक पेशीस येऊन भिडला, म्हणजे एक विकर पटलातील विशिष्ट फॉस्फोलिपिडाचे दोन तुकडे करते; त्यांपैकी इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट पेशीद्रवात उतरून साठ्यातील कॅल्शियम मोकळे करतो, हे मायकेल बेरिज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखविले, आणि डायअसिलग्लिसरॉल पटलातच राहून, कोबे येथील यासुतोमी निशिझुका यांनी शोधलेल्या प्रोटीन कायनेज सी या विकरास कार्यप्रवृत्त करतो. वृद्धीचा हुकूम भिंतीतूनच निघतो, हे अशा रीतीने सिद्ध झाले.

मला मात्र हुकूम निघण्यापेक्षा तो रद्दबातल होण्याची कथा अधिक महत्त्वाची वाटते, आणि तिचा उत्तम दाखला आपल्या परिचयाच्या जमालगोट्यात आहे. आपल्या वैद्यांनी शोधन करूनच रेचक म्हणून वापरलेल्या या बियांचे तेल, कर्ककारक द्रव्याची अल्प मात्रा आधी लावलेल्या उंदराच्या त्वचेवर वारंवार चोळले असता गाठी उत्पन्न होतात, हे १९४० च्या दशकातील प्रयोगांनी दाखविले होते. त्याचे कारण १९८२ मध्ये उमगले: त्या तेलातील फॉरबॉल एस्टर डायअसिलग्लिसरॉलच्या जागी बसून तेच विकर चेतवितो. पेशी स्वतःच्या डायअसिलग्लिसरॉलची विल्हेवाट अल्पावधीत लावते. या परक्या द्रव्यापुढे तिचा इलाज चालत नाही, आणि क्षणभराच्या मुदतीचा हुकूम अंमलात राहतो तो राहतोच.

येथे कमल रणदिवे यांचे स्मरण मी कृतज्ञतेने करतो. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या या विदुषींनी बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्याजवळ अनुभव घेऊन, मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. ऊतीसंवर्धन करणारे अभ्यासक काचपात्रातील पेशींना रक्तद्रव्य घालीत, कारण त्यावाचून त्या वाढत नसत. त्या द्रव्यातील वृद्धिकारकांपैकी एक लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल, म्हणजे फॉस्फोलिपिडाचाच एक अवशेष, आहे ही गोष्ट पुढे स्पष्ट झाली. ज्या परंपरेने ते पात्र प्रथम भरले, तिच्या वारसांनी त्यातील संदेशांचा हिशेब पुरा करावा, ही माझी मनःपूर्वक इच्छा आहे.

तो हिशेब आज रुग्णशय्येपर्यंत पोहोचला आहे. लुईस कँटली यांच्या प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात ओळखलेले पीआय-३ कायनेज पटलातील इनॉसिटॉल लिपिडास एक जादा फॉस्फेट जोडून पेशीस वाढण्याचा आदेश देते. १९९७ मध्ये सापडलेले पीटेन हे प्रथिन तो फॉस्फेट काढून आदेश मागे घेते, आणि गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या, मेंदूच्या व पुरःस्थ ग्रंथीच्या अनेक कर्करोगांत नेमके पीटेनच गमावलेले आढळते. त्या कायनेजला रोखणारे अल्पेलिसिब हे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत स्तनाच्या विशिष्ट कर्करोगासाठी मंजूर झाले. परंतु इन्सुलिनचा संदेशही त्याच मार्गाने जात असल्यामुळे रुग्णाची रक्तशर्करा वाढते. कऱ्हाड, सातारा आणि मिरजेहून आलेल्या वैद्यकबंधूंनी दुपारच्या बैठकीत याच प्रश्नापासून प्रारंभ करावा, अशी माझी विनंती आहे: मधुमेह असलेल्या रुग्णास हे औषध द्यावयाचे झाल्यास, गाठीचा हुकूम थांबवून यकृतास मिळणारा इन्सुलिनचा हुकूम कसा चालू ठेवावा?