नाव आणि अंतरंग

‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण माणसांसाठी रचली गेली. परंतु संगणकातील फाइलींनाही ती तंतोतंत लागू पडते.

कोणतीही फाइल म्हणजे मुळात केवळ अंकांची रांग. ती रांग पत्र आहे, छायाचित्र आहे की गाणे, हे ओळखावयाचे कसे? १९८१ साली आलेल्या एमएस-डॉस प्रणालीने पूर्वीच्याच प्रणालींची रीत उचलली : नाव आठ अक्षरांचे, मग टिंब आणि पुढे तीन अक्षरांचे शेपूट. शेपटावरून प्रकार ओळखावयाचा. १९९५ च्या विंडोजमध्ये लांब नावांना मुभा मिळाली. शेपूट मात्र कायम राहिले.

पण शेपूट हा दावा असतो, पुरावा नव्हे. छायाचित्राच्या फाइलीला ‘टीएक्सटी’ हे शेपूट लावले, तर आतील एकही अंक बदलत नाही. परंतु विंडोज ती मजकूर समजून उघडते आणि पडद्यावर अर्थहीन चिन्हांचा सडा पडतो.

युनिक्स प्रणालीत १९७३ पासून ‘फाइल’ नावाची एक आज्ञा आहे. ती नावाकडे न पाहता अंतरंग तपासते. पीडीएफच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह व ‘पीडीएफ’ ही अक्षरे असतात. झिपच्या आरंभी ‘पीके’, म्हणजे तिचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे. अर्थात ही खूणही सर्वस्वी पुरेशी नाही. वर्डचा डॉक्सएक्स दस्तऐवज वस्तुतः झिपच असतो. तेथे गाठोडे सोडूनच पाहावे लागते.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. मे २००० मध्ये जगभर एक प्रेमपत्र टपालातून फिरले. त्याच्या नावाच्या शेवटी ‘टीएक्सटी’ आणि त्याही पुढे ‘व्हीबीएस’ अशी दोन शेपटे होती. विंडोज ओळखीचे शेपूट झाकून ठेवीत असल्याने अनेकांना पहिलेच दिसले. निरुपद्रवी मजकूर समजून त्यांनी ते उघडले. प्रत्यक्षात तो चालता प्रोग्राम होता. त्याने लोकांची छायाचित्रे पुसून त्यांच्या जागी स्वतःच्याच प्रती ठेवल्या आणि पत्त्यांच्या वहीतील साऱ्यांना तेच पत्र धाडले.

विंडोजमध्ये ही शेपटे आजही आरंभी झाकलेलीच असतात. ती उघडी करण्याची सोय आहे. तिचा उपयोग करणे शहाणपणाचे. दारावर आलेल्याने सांगितलेले नाव ऐकून घ्यावे. पण कडी काढण्यापूर्वी फटीतून एकदा पाहावे, हे उत्तम.