वृद्धाश्रमाची निवड
वृद्धाश्रमाचे नाव निघताच आपण लोकलज्जेने मान खाली घालतो. परंतु येथे लज्जेपेक्षा विचार अधिक उपयोगी. केवळ बाग व देवघर पाहून आपण संतुष्ट होऊ नये. रात्री परिचारिका असते काय? स्नानगृहात धरावयास दांडी आहे काय? अंथरुणास खिळलेल्यास ठेवून घेतात, की घरी धाडतात? अनामत परत मिळण्याचा करार लेखी आहे काय? हे विचारावे. वडीलधाऱ्यांनी घर मुलांच्या नावे करताना सांभाळाची अट बक्षीसपत्रात अवश्य घालावी. ती मोडल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ अन्वये न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकते. आणि या सर्वांआधी, ज्यांस तेथे राहावयाचे त्यांची संमती घ्यावी. ती नसेल, तर उत्तम आश्रमही वनवासच होय.